आळ आला तर काय करावे?



गावाचे काम हाती घेतले की कोणी ना कोणी बोलतोच. विहिरीची वर्गणी जमवा, बचत गटाचा पैसा सांभाळा; 'ह्यानं खाल्लं' असे म्हणणारा निघतोच. न खाता आळ आला म्हणजे मन जळते. अशा वेळी काय करावे? आपल्या नाशिकची एक खरी हकीकत आम्ही सांगतो.

नाशिकच्या शरणपुरात पूर्वी ख्रिस्ती मिशनचा आश्रम होता. गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकेची मुले तेथे राहत. ती लिहावाचायला शिकत, हातचा धंदा शिकत. त्यांतलाच एक जेकब वेनराइट.

डॉक्टर लिव्हिंग्स्टन हे स्कॉटलंडचे मिशनरी आफ्रिकेत फिरत. सन १८६६ च्या सफरीत त्यांच्याबरोबर नाशिकची काही मुले होती. ती आळशी आहेत, अशी तक्रार त्यांनी रोजनिशीत लिहिली. त्याच सफरीत दुसरे काही नोकर पळाले. 'साहेब मेले' अशी खोटी बातमी त्यांनी पसरवली. पुढे १८७२ साली जेकब आणि नाशिकचे आणखी काही तरुण साहेबांकडे गेले.

मे १८७३ च्या आरंभी साहेब खरोखरच वारले. आता विचार करा. मुलूख परका. पेट्या सामानाने भरलेल्या. मरणाची बातमी आधी एकदा खोटी ठरलेली. 'ह्यांनीच लुटलं' असे कोणीही म्हणाले असते.

सूसी आणि चूमा हे जुने सेवक पुढारी झाले. त्यांनी सगळ्यांना बोलावले. सर्वांदेखत पेट्या उघडल्या. जेकबने एकेक वस्तू कागदावर टिपली. साहेबांचे काळीज तेथेच पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि झाडावर नाव कोरले. मग देह वाळवून, कापडात बांधून त्यांनी खांद्यावर घेतला. वाटेत एक इंग्रज अधिकारी भेटला. तो म्हणाला, इथेच पुरा. त्यांनी ऐकले नाही. दीड हजार किलोमीटरांहून जास्त वाट तुडवून १८७४ च्या फेब्रुवारीत ते समुद्राला लागले.

लंडनमध्ये डॉक्टरांनी देहाचा डावा हात पाहिला. सिंहाने मोडलेल्या हाडाची जुनी खूण तेथे होती. देह साहेबांचाच, हे पटले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या देवळात दफन झाले. तेव्हा मानाने शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत जेकबही होता.

बायबलातही असाच धडा आहे. पौल हा येशूचा शिष्य यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवीत होता. त्याच्यावर कपटाचा संशय घेणारे लोक होते. तेव्हा पौलाने पैसा एकट्याच्या हाती ठेवला नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला. देव तर पाहतोच. पण माणसांनाही दिसले पाहिजे, असे त्याचे मत होते.

ह्यातून आम्हांला तीन गोष्टी दिसतात.

पहिली : टीका ऐकताच अंगावर जाऊ नये. तिच्यात काही खरे आहे का, हे आधी पाहावे. खरे असेल तेवढे सुधारावे.

दुसरी : हिशेब लिहावा आणि चार माणसांत वाचून दाखवावा. आळ यायच्या आधीच लिहावा. मागाहून लिहिलेल्या हिशेबावर कोण विश्वास ठेवील?

तिसरी : काम अर्धे सोडू नये. 'मला बोलले, मी नाही करत जा' म्हटले की आळ घेणाराचेच खरे वाटते.

इतके करूनही काही लोक बोलतीलच. त्यांना शिवी देऊ नये, त्यांचे वाईटही चिंतू नये. वही उघडी ठेवावी आणि म्हणावे, "बाबा, ये, बस, वाचून बघ."

तुम्ही आता अक्षर शिकलात. ते अक्षर सहीपुरते ठेवू नका.

प्रश्न : १. पेट्या सर्वांदेखत का उघडल्या? २. तुमच्या गावातल्या वर्गणीचा हिशेब कोण लिहितो? तो कोठे वाचतात?