लाल दिव्याचं आधी ऐकून घे

एमजीबी घेतलीस, फार बरं वाटलं. १९६२ ते १९८० इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेली ही गाडी. तिच्या वायरिंगला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. वायरिंग साधं आहे, फक्त वय झालंय. दोष बहुतेक वेळा वस्तूत नसतो, जोडात असतो.

इग्निशनचा लाल दिवा आधी समजून घे. त्याच्या एका टोकाला इग्निशन स्विचकडून पांढरी वायर येते, दुसऱ्या टोकाची तपकिरी-पिवळी वायर अल्टरनेटरकडे जाते. (सुरुवातीच्या गाड्यांत डायनामो असायचा आणि अर्थ पॉझिटिव्ह, तुझी कुठली ते आधी बघ.) नळीने जोडलेल्या दोन टाक्यांत पाणी सारखं झालं की वाहायचं थांबतं, तसं दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखं झालं की दिवा विझतो. कुठलंही एक टोक कमी पडलं की पेटतो. मिणमिणता दिवा दिसला की लोक सरळ अल्टरनेटर बदलून मोकळे होतात. कमी पडलेली बाजू पांढरी असेल तर ते पैसे पाण्यात गेले.

ओळखायचं कसं? अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून इंडिकेटर लाव, हीटरचा पंखा लाव. इंडिकेटरच्या तालावर लाल दिवा कमी-जास्त होऊ लागला, तर अल्टरनेटरला हात लावू नकोस. इंडिकेटर आणि पंखा दोन्ही स्विचमधून येणाऱ्या करंटवरच चालतात, आणि तो करंट वाटेत कुठेतरी अडतोय. मल्टिमीटरची एक पिन फ्यूज बॉक्सच्या तपकिरी वायरवर धर, दुसरी पांढरीवर. अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक आला, तर स्विचचे आणि फ्यूज बॉक्सचे जोड साफ कर. फ्यूजच्या पितळी क्लिपवर हिरवट थर बसलेला दिसेल. तो बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घास, क्लिप थोडी दाबून घट्ट कर.

पण घासायला घेण्याआधी इंजिन बंद करून बॅटरीची अर्थची वायर सोड. बोटातली अंगठी, मनगटावरचं घड्याळ काढून ठेव. बॅटरी सीटच्या मागे, फळीखाली आहे. १९७४ पर्यंतच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन असतात. त्या दोघींना जोडणारी वायरही तपास, ती सगळेच विसरतात.

किल्ली काढल्यावरही दिवा मिणमिणत असेल, तर मात्र अल्टरनेटरचा डायोड गेला असं समज; उभ्या उभ्या बॅटरी उतरेल. किल्ली फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर बल्ब बघ. २.२ वॅटचा तो बल्ब अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट पुरवतो, म्हणून तिथे एलईडी घालायच्या भानगडीत पडू नकोस.

इंजिन आणि बॉडी जोडणारी अर्थची पट्टी खाली वाकून स्वतः बघ. ती तुटली की स्टार्टरचा करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्टर मारल्यावर केबल गरम लागली, तर कारण हेच.

आणि चालत्या गाडीत दिवा एकाएकी लख्ख पेटला, तर तपासत बसू नकोस. गाडी बाजूला घे, इंजिन बंद कर. फॅनबेल्ट तुटला असेल तर पाण्याचा पंपही थांबलेला असतो. तापमानाचा काटा चढायची वाट बघू नकोस.