समुद्राचा फोटो

रायगड जिल्ह्यात, श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वर नावाचे गाव आहे. तुमच्यापैकी काहीजण तिथे देवदर्शनाला जाऊन आले असतील. देवळाच्या मागे टेकडी आहे. टेकडीला वळसा घालून प्रदक्षिणेची वाट जाते. दोन कड्यांच्या मधून पायऱ्या उतरल्या, की एकदम समोर समुद्र! पायाखाली काळा कातळ. लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने त्याला इतके खाल्ले आहे, की जागोजागी मधाच्या पोळ्यासारखी भोके पडली आहेत. ओहोटी असली तरच ही वाट मोकळी असते. भरतीला इथे लाटा आपटतात.

मी जवळच राहतो. आमच्या शेजारी एक बाई खानावळ चालवते. चाळिशी उलटल्यावर ती आमच्या वर्गात लिहायला शिकली. एक दिवस ती मला म्हणाली, "गुरुजी, खानावळीच्या पाटीवर मला समुद्राचा फोटो लावायचाय. मोबाइल आहे माझ्याकडे. पण माझा फोटो नुसता पांढरा फटक येतो."

"चल, आपण दोघं जाऊन काढू," मी म्हणालो. मला वाटले, तासाभराचे काम. त्याला पाच महिने लागले. ते का, तेच सांगतो.

पहिल्यांदा गेलो ते मे महिन्यात, भर दुपारी. खानावळीचे काम आटोपून तिला तेव्हाच सवड होती. मेच्या मध्यावर आपल्या कोकणात सूर्य दुपारी अगदी डोक्यावर येतो. आपली सावली आपल्याच पायाखाली. फोटो काढला आणि पाहिला. कातळातली ती भोके कुठे दिसेनात! सपाट काळी फरशी असावी तसा कातळ दिसत होता.

आता असे का झाले? खड्डा डोळ्याला दिसतो तो त्यातल्या सावलीमुळे. शेणाने सारवलेल्या जमिनीवर संध्याकाळी दारातून तिरपे ऊन आले, की बोटांच्या रेघा कशा स्पष्ट दिसतात! दुपारी त्याच रेघा दिसत नाहीत. कातळाचेही तसेच. ऊन तिरपे पाहिजे. शिवाय उन्हाळ्यात हवेत धूळ आणि खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार असतात. त्यामुळे आभाळ निळे न दिसता पांढुरके दिसते. ती म्हणत होती तो पांढरा फटक फोटो हाच.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आणून दिली. मोबाइलच्या भिंगावर खाऱ्या वाऱ्याचा चिकट थर बसला होता. ती पदराने पुसायला निघाली. मी म्हणालो, "अगं थांब! मीठ घासलं की काचेवर चरे पडतात." मऊ सुती फडके गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळावे आणि हलक्या हाताने पुसावे. फोटो धुरकट येतो म्हणून मोबाइलला नावे ठेवण्याआधी एवढे करून पाहावे.

दुसऱ्यांदा गेलो आषाढात. पावसाळ्यात खाली कातळावर उतरायचेच नाही. आम्ही वरच थांबलो. आभाळ भरलेले होते. ढगांतून येणारा उजेड मऊ असतो, सावली पडत नाही. भोके याही वेळी दिसली नाहीत. पण ओला कातळ चकाकत होता आणि लाटांचा फेस दुधासारखा उसळत होता. पावसाळी समुद्राचा फोटो घ्यायचा तर तो लाटेचाच घ्यावा. लाट फुटल्यावर बोट दाबले तर उशीर होतो. लाट कातळाला भिडते आहे असे दिसले, की बोट दाबायचे. उजेड कमी असला की हललेला फोटो पुसट येतो, म्हणून कोपर भिंतीला टेकवावे. तिने पंधरा-वीस फोटो काढले. त्यातला एक मला फार आवडला. ती म्हणाली, "गुरुजी, असा खवळलेला समुद्र पाटीवर लावला तर जेवायला कोण येईल?" तिचेही खरेच होते.

तिसऱ्यांदा गेलो आश्विनात, कोजागिरीच्या दोन दिवस आधी. पावसाने हवा धुऊन निघाली होती. क्षितिजावर मोठे ढग होते. आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी इथल्या कातळावर टेकडीची सावली असते. संध्याकाळी मात्र ऊन समुद्रावरून तिरपे येते आणि एकेक भोक उठून दिसते. आम्ही पाच वाजता खाली उतरलो. पाणी लांब होते. कातळ कोरडा होता.

फोटो काढायला लागलो तर नवीनच अडचण. आभाळ चांगले आले तर कातळ कोळशासारखा काळा. कातळ चांगला आला तर आभाळ पांढरे. ही अडचण जुनी आहे, बरं का! फ्रान्स देशात गुस्ताव ल ग्रे नावाचा छायाचित्रकार होता. १८५६-५७ साली त्याने समुद्राचे फोटो काढले. त्या काळी फोटो काचेवर घेत. एका काचेवर आभाळ आणि समुद्र दोन्ही नीट येत नसत. मग त्याने काही फोटोंसाठी आभाळाची काच वेगळी घेतली, समुद्राची वेगळी, आणि क्षितिजाच्या रेघेवर दोन्ही जोडून एक चित्र छापले. लोक थक्क झाले. आजचे बरेच मोबाइल असेच काहीतरी आपणहून करतात. एका दाबात उजळ, काळसर असे अनेक फोटो घेतात आणि त्यांचा एक करतात. तेवढ्याने भागले नाही, तर पडद्यावर आभाळाच्या जागी बोट टेकवावे. बऱ्याच मोबाइलांत तिथे छोटा सूर्य दिसतो. तो खाली सरकवला की उजेड कमी होतो. आभाळाचा रंग राहील आणि कातळही थोडा दिसेल, अशा बेताने सरकवावा.

या खटाटोपात सहा कधी वाजले ते समजले नाही. सूर्य बुडायला थोडाच वेळ होता. मी समुद्राकडे पाठ करून तिला मोबाइल कसा धरायचा ते दाखवत होतो. शाळेत फळ्याकडे पाठ करून उभा राहायची सवय, दुसरे काय! इतक्यात वरून एक म्हातारे तांडेल ओरडले, "ओ गुरुजी! मागं बघा, मागं!"

मागे पाहिले. आम्ही उभे होतो तो कातळ उंच होता, कोरडाच होता. पण आमच्या आणि पायऱ्यांच्या मध्ये एक घळ होती. येताना ती आम्ही सहज ओलांडली होती. आता त्या घळीत पाणी शिरले होते. समुद्र समोरून येत नाही, आधी असा बाजूने मागे येतो. मी तिचा हात धरला. पाणी गुडघ्याच्या वर होते आणि पायाखालून ओढत होते. दोन लाटांच्या मध्ये आम्ही पार झालो. माझी एक चप्पल गेली. पायऱ्यांवर बसलो तेव्हा दोघांच्याही तोंडून शब्द निघेना.

तांडेल म्हणाले, "गुरुजी, आज तिथी कोणती?"

"त्रयोदशी."

"पाऊणकी येते ना तुम्हाला? मग तेराची पाऊणकी किती?"

मी मान खाली घातली. पाऊणकीचा पाढा मला माझ्या वडिलांनी शिकवला होता. तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे रात्री पावणेदहाला पूर्ण भरती. कोकणातल्या कोळ्यांचा हा जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. ही वेळ दिवसातून दोनदा येते, एकदा दिवसा आणि एकदा रात्री. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पंचमीची भरती किती वाजता, तुम्हीच काढून पाहा. पावणेचार आले तर हिशोब बरोबर.

त्या दिवशी ओहोटी साडेतीनला झाली होती. आम्ही पाचला उतरलो, म्हणजे पाणी चढायला लागून दीड तास झाला होता. भरती सारखी चढत नाही. पहिल्या तासात थोडी चढते. मधल्या दोन तासांत मात्र निम्मे पाणी चढते. आम्ही नेमके तेव्हाच पाठ करून उभे! त्यातून पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे उधाणाचे दिवस. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येऊन पाणी ओढतात, म्हणून भरती मोठी. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, म्हणजे लहान. हे सगळे मी वर्गात शिकवलेले आहे!

सूर्य बुडाला. मी उठलो. पण ती उठेना. "थांबा गुरुजी," ती म्हणाली, "बघा की."

सूर्य गेल्यावर दहा मिनिटांनी ढगांना खालून रंग चढला. डोळे दिपवणारे ऊन नव्हते. कातळ काळा न दिसता तांबूस दिसत होता. आभाळ आणि कातळ यांचा उजेड जवळजवळ सारखा झाला होता. पायऱ्यांवर बसल्या बसल्या, ओल्या पदराने, कोपर गुडघ्यावर टेकवून तिने एक फोटो काढला. आम्ही मघाशी उभे होतो त्या कातळावर त्या फोटोत लाट फुटलेली दिसते.

तोच फोटो आज खानावळीच्या पाटीवर आहे. त्याच्या खाली तिने एक काळा फळा टांगला आहे. रोज सकाळी ती कालनिर्णयात तिथी पाहते, पाऊणकी करते आणि खडूने स्वतःच्या हाताने लिहिते. काल मी जेवायला गेलो तेव्हा फळ्यावर लिहिले होते : "आज दशमी. भरती साडेसातला. चारनंतर कातळावर उतरू नये. चहा तयार आहे."