टाकळ्याची परीक्षा

मृगाच्या सरी पडल्या कीं रस्त्याच्या कडेला व माळावर टाकळा उगवतो. त्याच्या कोंवळ्या पानांची भाजी आपण आवडीनें खातों. संस्कृतांत या झाडास 'चक्रमर्द' म्हणतात. चक्र म्हणजे गजकर्णाचा वाटोळा चट्टा. त्याचें मर्दन करणारा तो चक्रमर्द. टाकळ्याचें बीं लिंबाच्या रसांत वाटून गजकर्णावर लावण्याची चालही जुनी आहे.

गेल्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील एका मुलाच्या मानेवर गजकर्ण उठलें. आजीनें टाकळा लावला. वडिलांनीं दुकानांतून मलम आणलें. "गुरुजी, यांत खरें औषध कोणतें?" असें त्यानें मला विचारलें. त्या दिवशीं मीं अर्धेंच उत्तर दिलें. उरलेलें येथें देतों.

गजकर्ण हा सूक्ष्म बुरशीपासून होणारा रोग आहे, व ती बुरशी प्रयोगशाळेंत वाढवितां येते. सॅबुरो नांवाच्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानें तिच्यासाठीं शोधलेलें पोषक द्रव्य आजही त्याच्याच नांवानें ओळखलें जातें. तें चपट्या काचेच्या बशींत ओतून थिजवितात, त्यावर बुरशी सारखी पसरतात व लहान लहान खळगे पाडतात. एका खळग्यांत बियांचा मद्यार्कांत काढलेला अर्क, दुसऱ्यांत नुसता मद्यार्क, तिसऱ्यांत गुण ठाऊक असलेलें औषध घालतात. कांहीं दिवसांनीं खळग्यांभोंवतीं बुरशी न वाढलेलें स्वच्छ वर्तुळ किती रुंद पडलें, हें मिलिमीटरांत मोजतात.

दुसरा खळगा हा या प्रयोगाचा प्राण होय. मद्यार्क स्वतःच बुरशीला मारक आहे. त्याच्याभोंवतींही तेवढेंच वर्तुळ पडलें, तर टाकळ्याचा गुण सिद्ध झाला नाहीं असें समजावें. शिवाय वर्तुळाची रुंदी अर्क किती सहज पसरतो यावरही अवलंबून असते. म्हणून अर्क निम्मा निम्मा पातळ करीत जातात, व ज्या अत्यल्प प्रमाणांत बुरशीची वाढ थांबते तो आंकडा ग्राह्य धरतात.

टाकळा या परीक्षेस उतरला काय? बऱ्याच अंशीं उतरला. १९७५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत त्यांतील क्रायसोफॅनिक आम्लाच्या वर्गांतलें एक द्रव्य वेगळें काढून, तेंच त्याचें मुख्य बुरशीनाशक तत्त्व असल्याचें दाखविण्यांत आलें. आजीचा अनुभव पोकळ नव्हता. परंतु काचेची बशी आणि माणसाची कातडी यांत अंतर आहे. औषध कातडींत मुरतें काय, दाह करतें काय, हें रोग्यांवर नियमपूर्वक पाहिल्यावांचून कळत नाहीं. लिंबाचा रस लावून उन्हांत गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां वडिलांच्या मलमाविषयीं. कित्येक मलमांत स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें कंड शमते, पण बुरशी आंतून पसरतच राहते. टर्बिनाफीनसारख्या नेहमींच्या औषधालाही पुष्कळदां न जुमानणारी एक बुरशी भारतांत फैलावली आहे. २०२० सालीं तिला 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हें नांव मिळालें. जुनीं औषधें अशीं निकामी होऊं लागलीं असतां, रानांतल्या झाडांची परीक्षा घेणें हा रिकामपणाचा उद्योग खास नव्हे.

विद्यार्थिमित्रहो, त्या मुलाला मीं डॉक्टरांकडे पाठविलें, व तो बरा झाला. आजीचें औषध जुनें म्हणून हंसूं नका आणि जुनें म्हणून डोळे मिटून घेऊंही नका. मलमालाही तोच नियम लावा. दोघांनाही एकच प्रश्न विचारा: तुमचा दुसरा खळगा कोठें आहे?