पाळीव बदक आणि रानबदक
(परिसर अभ्यास : इयत्ता ३ री व ४ थीच्या शिक्षकांसाठी)



नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर इ. स. १६१३ च्या सुमारास बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. तो दाखविताना आपण मुलांना इतिहास सांगतो. परंतु पाण्यावरील पक्षी हाही एक पाठच होय.

हळदी-कुंकू हे आपल्याकडील बारमाही रानबदक. चोचीचे टोक पिवळे व मुळाशी तांबडे ठिपके, म्हणून हे नाव. थापट्या हिवाळ्यात उत्तरेकडून येतो आणि उन्हाळ्यापूर्वी परततो. नेहमीचे पांढरे पाळीव बदक मात्र माणसाने हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून पिढ्यानपिढ्या निवड करून घडविले. अंडी व मांस यांसाठी त्याचे वजन वाढविले गेले. पंख राहिले, पण दूरचे उड्डाण गेले.

काही वर्षांपूर्वी एका शाळेने पाळलेली चार बदके उन्हाळी सुट्टी लागताना गावतळ्यात सोडली. ती रानबदकांत मिसळलेली पाहून मीही "बरे केलेत" असे म्हणालो. मे महिन्यात तळे आटले. हळदी-कुंकू दुसऱ्या पाण्याच्या शोधात उडून गेली. पाळीव बदके चिखलात राहिली व कुत्र्यांच्या तोंडी पडली. जूनमध्ये एका मुलीने विचारले, "साहेब, आमची बदकं का नाही उडाली?" या प्रश्नाचे उत्तर मी सुट्टीपूर्वीच द्यावयास हवे होते.

अशा सोडण्याने रानपक्ष्यांचेही हित होत नाही. पाळीव पक्ष्यांचे रोग त्यांना जडू शकतात. हळदी-कुंकवाशी पाळीव बदकाचा संकर होऊन मूळ जातीची शुद्धता उणावू शकते.

पाठाची मांडणी :

(१) मुलांना काठापासून दूर, शांत बसवावे. प्रत्येक बदकाचा रंग, चोच, चाल व उड्डाण यांची नोंद करवून घ्यावी. पाव टाकू देऊ नये. आजारी वा मृत पक्ष्यास हात लावू देऊ नये.

(२) प्रश्न : पाणी आटल्यावर कोण जाईल? कोण राहील? का?

(३) कृती : शाळेत पक्षी आणण्यापूर्वी सुट्टीत त्याचे दाणापाणी कोण करील, हे मुलांसमक्ष ठरवावे. सांभाळणे अशक्य झाल्यास तो बदके पाळणाऱ्या कुटुंबाकडे द्यावा.

ज्या जीवास आपण परावलंबी केले, त्यास मोकळे सोडणे म्हणजे स्वातंत्र्य देणे नव्हे, एवढे मुलांच्या मनावर ठसले तरी पाठ सफल झाला असे समजावे.