किल्ल्यावरील मावळे आणि किल्ल्याखालचे बैल

दिवाळीच्या सुटीत आपल्या जिल्ह्यातील अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात. दगडविटांचा ढीग, त्यावर गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, मोहरी पेरून उगविलेली हिरवळ, आणि माथ्यावर सिंहासनस्थ शिवछत्रपती, असा त्यांचा ठराविक थाट असतो. ही करमणूक उत्तम खरीच. परंतु अशा किल्ल्यांकडे बारकाईने पाहिले असता दोन उणिवा सहज ध्यानात येतात. पहिली, प्रमाणाची. बाजारातून आणिलेला मावळा पुष्कळदा किल्ल्याच्या दरवाजाहून उंच असतो! दुसरी उणीव अधिक महत्त्वाची. किल्ल्यावर तोफ असते, पण ती तेथवर कोणी ओढून नेली, ह्याचा मागमूसही नसतो. गंमत अशी की, दोनच महिने आधी पोळ्याच्या दिवशी ह्याच घरांत मातीचे बैल आलेले असतात. पूजा आटोपली म्हणजे ते कोनाड्यात जाऊन बसतात. पोळ्याचे बैल आणि दिवाळीचा किल्ला ह्यांची गाठ घालून द्यावी, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

उदाहरणासाठी दूर जावयास नको. आपल्या शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण येथील भुईकोट किल्ल्याच्या इतिहासात ते अहमदनगर म्हणूनच येते. १८०३ च्या ऑगस्ट महिन्यात, ऐन पावसाळ्यात, जनरल आर्थर वेलस्ली ह्याने शिंद्यांच्या ताब्यातील हे ठाणे घेतले. ८ तारखेस त्याच्या शिपायांनी शिड्या लावून पेठ घेतली. पेठेची भिंत उंच होती, आणि आतील अंगास उभे राहावयास जागा नव्हती. त्यामुळे वर चढलेल्यांची मोठी हानी झाली. १० तारखेस किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या आणि १२ तारखेस किल्ला स्वाधीन झाला. इतिहासाच्या पुस्तकात ही हकीकत चार ओळींत संपते. परंतु त्या तोफा भरपावसात, आपल्या ह्या काळ्या चिकणमातीतून, किल्ल्यापर्यंत आल्या कशा? बैलांनी ओढून आणिल्या. म्हैसूरकडील अमृतमहाल जातीचे बैल ह्या कामी प्रसिद्ध होते. हैदर व टिपू ह्यांच्या तोफा त्यांनीच ओढल्या, आणि १७९९ नंतर ते इंग्रजांच्या हाती आले. सैन्याचे धान्य लमाणांचे तांडे बैलांच्याच पाठीवर लादून आणीत. बैल थकला की तोफ थांबे, आणि तोफ थांबली की सेनापतीही थांबे. त्यात १८०३-०४ हे दख्खनच्या घोर दुष्काळाचे वर्ष. माणसास दाणा मिळेना, तेथे जनावरास कडबा कोठून मिळणार? हे सारे ज्या देखाव्यात दिसत नाही, तो देखावा लढाईची अर्धीच गोष्ट सांगतो.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम प्रमाण ठरवावे. बत्तिसास एक हे प्रमाण सोयीचे आहे, कारण पाच फूट चार इंच उंचीचा मनुष्य बरोबर दोन इंचांचा होतो. बैल वशिंडापाशी सुमारे बावन्न इंच उंच धरल्यास तो दीड इंचाहून किंचित मोठा करावा. १८०३ च्या सुमाराच्या एका वर्णनात ह्या किल्ल्याचे चोवीस बुरूज आणि भोवती अठरा फूट रुंदीचा खंदक सांगितला आहे. तो खंदक आपल्या देखाव्यात पावणेसात इंचांचा होईल. किल्ल्याचा परीघ मैलाहून थोडा अधिक आहे. तो ह्याच प्रमाणाने १६५ फुटांवर जाईल आणि कोणाच्याही अंगणात मावणार नाही! म्हणून संपूर्ण किल्ल्याचा हव्यास सोडावा. एकच बुरूज, त्यापुढे खंदकाचा तुकडा, आणि अलीकडे चिखलातून तोफ ओढीत येणाऱ्या बैलांच्या दोन जोड्या, एवढे पुरे.

शेतातील काळी माती ह्या कामी घेऊ नये. ती ओली असता फुगते व वाळताना भेगाळते. शाडू अथवा कुंभाराची मळलेली माती फडक्यातून गाळून घ्यावी, आणि तीत कापूस अगदी बारीक पिंजून मिसळावा. त्याने माती धरून राहते. बैलाच्या पायाची नळी आपल्या प्रमाणाने इंचाच्या सोळाव्या भागाएवढीच येते. इतका बारीक पाय नुसत्या मातीचा टिकणे शक्य नाही. यास्तव आधी पातळ तारेचा सांगाडा करावा: डोक्यापासून शेपटीपर्यंत एक तार, आणि पायांसाठी कमानीप्रमाणे वाकविलेल्या दोन तारा. गुळगुळीत तारेवर माती धरत नाही, म्हणून तीवर डिंक लावून सुती दोरा गुंडाळावा. मग मातीचा पहिला हात देऊन सावलीत वाळू द्यावे. वाळताना माती आकसते, तार आकसत नाही. म्हणून भेगा पडणारच. त्या पातळ कालविलेल्या मातीने बुजवून नंतर दुसरा हात द्यावा. घाईने जाड थर देणाऱ्याचा बैल दुसऱ्या दिवशी लंगडा झालेला आढळतो.

खरी परीक्षा पुढेच आहे. मुले बैलाचे पाय चार खांबांसारखे सरळ करितात. तसे न करिता गोठ्यात जाऊन पाहावे. मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, तो गुडघा नव्हे. आपल्या टाचेच्या जागी असलेला तो सांधा होय. खरा गुडघा वर, पोटालगत असतो. बैल उठताना आधी मागचा भाग उचलतो, घोडा आधी पुढचा. ही एक गोष्ट ठाऊक असली की उठणारे जनावर करिताना चूक होत नाही. घोडा छातीने ओढतो. बैलाच्या मानेवर वशिंडापुढे जू टेकते, आणि तो त्यावर भार घालून रेटतो. म्हणून तोफ ओढणाऱ्या बैलाची मान खाली, अंग पुढे झुकलेले आणि मागचे पाय मागे ताणलेले असावे. गळ्याखालची पोळी व वशिंड दुसऱ्या हातात चढवावे. पोळ्याच्या बैलास झूल, गोंडे व रंगविलेली शिंगे शोभतात. मोहिमेवरील बैलास ह्यांपैकी काहीही देऊ नये. त्याच्या बरगड्या सुईने हलक्या रेखाव्या आणि खूर चिखलात रुतवावे.

बारीकसारीक सामानासाठी पैसा खर्च करण्याचे कारण नाही. शिंगांस बाभळीचे कोवळे काटे लावावे. ते निसर्गतःच जोडीने येतात. शेपटीस तागाचा धागा, वेसणीस दोरा, जूस बांबूची कामटी, शिवळांस आगकाडीचे तुकडे. खराट्याच्या हिरांची, दोऱ्याने बांधलेली शिडी पेठेच्या भिंतीस लावता येते. ज्वारीचा दाणा बत्तीसपट केला तर चारपाच इंचांचा होतो; बारा पौंडी तोफेचा गोळा सुमारे साडेचार इंच व्यासाचा असे. म्हणजे तोफेशेजारी ज्वारीचे दाणे काळे रंगवून रचले की गोळ्यांची रास तयार! रंगास गेरू, चुना आणि काजळी पुरेशी आहेत.

लहान आकाराचे जनावर घडविण्याची ही विद्या आपल्या जिल्ह्यास परकी नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद हे गाव आहे. तेथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल ह्यांस झाडाचे मूळ खणताना काशाची चार शिल्पे सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैल जुंपलेला रथ. अनेक संशोधक ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. चारींचे मिळून वजन साठ किलोहून अधिक आहे. रथ अवघा पंचेचाळीस सेंटिमीटर लांब; पण त्यात उभा असलेला सारथी, बैलांच्या मानेवरील जू, एवढेच काय, रथाच्या दांडीवर उभा असलेला कुत्रासुद्धा कारागिराने वगळला नाही. त्याने रथावर जेवढे लक्ष दिले, तेवढेच रथ ओढणाऱ्यांवरही दिले.

ह्याच्या उलट दुसरे उदाहरण पाहा. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ १५४९ साली अहमदनगर येथेच ओतली गेली. तिच्या तोंडाशी जबडा वासलेले हिंस्र पशूचे मुख असून त्याच्या दातांत एक लहानसा हत्ती चिरडलेला दाखविला आहे. हिचे वजन पंचावन्न टन सांगतात. पुढे ती परांड्याच्या किल्ल्यातून विजापुरास नेली गेली, तेव्हा दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली, अशी कथा आहे. तोफ अद्याप बुरुजावर आहे, लोक तिला पाहावयास जातात, तिचे नाव सर्वतोमुखी आहे. त्या चारशे बैलांची व त्यांच्या हाकणाऱ्यांची आठवण मात्र ह्या एका आकड्यापुरतीच उरली.

विद्यार्थ्यांनो, येत्या पोळ्याचे बैल फेकून देऊ नका. ते समोर ठेवून, आणि शेजारच्या गोठ्यातील जिवंत बैल पाहून, मोहिमेचा एक बैल स्वतः घडवा. पहिला ओबडधोबडच होईल. तिसरा ओळखू येईल. पालकांसही एक विनंती आहे. मुलाच्या हातास चिखल लागला म्हणून रागावू नये. बाजारातील रंगीत शिपायांचा पुडा आणून देण्याऐवजी त्याच्याजवळ घटकाभर बसावे, आणि आपल्या वडिलांच्या दावणीस कोणते बैल होते, त्यांची नावे काय होती, दुष्काळात ते कसे जगविले, हे त्यास सांगावे. आज शेतात ट्रॅक्टर आले, गोठे ओस पडत चालले. बैल कसा उठतो, जू कोठे टेकते, हे पुढील पिढीस विचारून कळणार नाही. ते ज्यांना ठाऊक आहे, ती माणसे अद्याप आपल्या घरांत आहेत, तोवर मुलांनी त्यांच्याकडून शिकून घ्यावे.