कलमावरचं बांडगूळ

रत्नागिरीकडे आमची हापूसची कलमं आहेत, बरीचशी वडिलांनी लावलेली. दरवर्षी पाऊस सरला की बांडगूळ काढण्याचं काम निघतं. या झुडपाशी इतकी वर्षं झगडताना जे कळलं, ते नव्याने बाग हाती घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो आहे.

१. झाडावर उगवलेलं सगळंच बांडगूळ नसतं.
जुन्या कलमाच्या खोडावर नेचे असतात, शेवाळ असतं, आमऱ्या असतात. सीतेची वेणी ही आमरी फुलली की तिचे गुलाबी-पांढरे घोस कलमाखाली उभं राहून पाहत बसावेत असे असतात. आमरी सालीला नुसती धरून असते, झाडाच्या आत शिरत नाही, झाडाचं काही घेत नाही. तरीही कामाच्या घाईत गडी तीही ओरबाडून टाकतात, तेव्हा जीव तुटतो. अमरवेल आणखी वेगळी, पानं नसलेली, पिवळ्या दोऱ्यांची. बांडगुळाची पानं जाड, चिवट, राखट हिरवी. आंब्याचं पान चुरगळलं की कैरीचा वास येतो, याच्या पानाला तो येत नाही. फुलं लांबट नळीसारखी, केशरी. आणि जिथे ते फांदीला चिकटतं तिथे फुगलेली गाठ. ती गाठ दिसली की शंका उरत नाही. गड्याला झाडावर चढवण्याआधी या साऱ्यांतला फरक हातात पानं देऊन दाखवावा.

२. ते अन्न चोरत नाही, पाणी चोरतं.
पानं हिरवी असल्यामुळे बांडगूळ आपलं अन्न बरंचसं स्वतःच तयार करतं. पण जमिनीत मूळ नाही. म्हणून सालीतून लाकडात घुसून ते आंब्याच्या पाण्याच्या नळ्यांना जोडून घेतं आणि पाणी, क्षार ओढतं. एप्रिलच्या उन्हात आंबा आपलं पाणी जपत असतो, तेव्हाही बांडगूळ ते हवेत उडवतच असतं. गाठीच्या पुढचा फांदीचा शेंडा आधी वाळतो तो यामुळे. नुसतं खत वाढवून ती फांदी सुधारत नाही.

३. पेरणी पाखरू करतं, आणि ते पाखरू आपला वैरी नाही.
हे मला सगळ्यात जास्त भावलेलं प्रकरण. टिकेलचा फुलटोच्या हा आपल्याकडच्या सर्वांत लहान पक्ष्यांपैकी एक, जेमतेम आठ सेंटीमीटरचा. मोहोरात उन्हं चढली की त्याची चिक-चिक ऐकू येते. बांडगुळाचं पिकलं फळ तो गिळतो, आणि काही मिनिटांतच बी बाहेर पडतं. बीवर इतका चिकट गर असतो की ते सहज सुटत नाही, म्हणून पाखरू फांदीवर अंग घासतं. बी तिथेच चिकटतं, तिथेच रुजतं. शिंजीर पक्षी बांडगुळाच्याच फुलांतला मध पितात आणि परागीभवन करतात. पक्षितज्ज्ञ सालीम अली यांनी १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये नेमका याच विषयावर लेख लिहिला होता, शिंजीर आणि फुलटोचे कोकणात बांडगूळ कसं वाढवतात यावर. आपल्या लाल मातीतली ही गोष्ट इतक्या आधी कुणीतरी इतकी बारकाईने पाहिली होती, याचा मला अभिमान वाटतो.
यातून कामाची एक गोष्ट निघते: बांडगूळ फळावर येण्याआधी काढायचं. फळं पिकली की पुढच्या वर्षांची पेरणी झालीच. आमच्याकडे दसरा ते दिवाळी हा काळ बरा. फांद्यांवरचं शेवाळ वाळू लागतं, चढणाऱ्याचा पाय घसरत नाही आणि मोहोरही अजून दूर असतो.

४. ओढून काढू नका, फांदीसकट कापा.
वरचा पाला मोडला तर काही महिन्यांत तिथूनच पुन्हा फुटतो. गाठीपासून खोडाच्या बाजूला वीतभर आत फांदी करवतीने छाटावी. कोयतीने फांदी चिरते, साल सोलते. कापाला बोर्डो पेस्ट लावायची: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. गाठ मुख्य खोडावरच असेल तर ती तासून काढायची आणि येईल तो कोंब दर वेळी खुडत राहायचं. पानं मिळाली नाहीत की ते हळूहळू थकतं. खाली पडलेलं बांडगूळ मातीत रुजत नाही. शेळ्यांना घाला, आवडीने खातात.

५. जंगलातल्या बांडगुळाला हात लावू नका.
हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू, पंखाखाली पिवळंजर्द आणि कडेला लाल ठिपके असलेलं, बांडगुळाच्या पानांवर अंडी घालतं. त्याच्या अळ्या घोळक्याने तीच पानं खातात. बांडगुळावरच वाढणारी दुसरी परजीवी वनस्पतीही सह्याद्रीत आहे. देवराईत किंवा डोंगरातल्या शिरिषावर ते असेल तर तिथे ते शोभतं, तिथल्या पाखरांचं पोट त्यावर आहे. कलमावर ते नको, कारण कलम आपण एका वाणासाठी आणि पोटासाठी लावलेलं असतं. दोन्ही ठिकाणी एकच न्याय लावू नये.

६. एकट्याची बाग स्वच्छ राहत नाही.
फुलटोच्याला गडगा दिसत नाही. शेजारची कलमं पडीक असली की आपल्या बागेत दरवर्षी नवं बी येतंच. आमच्या वाडीत कितीतरी कलमांचे मालक मुंबईला आहेत, आणि त्यांच्या झाडांवर आता आंब्यापेक्षा बांडगूळच जास्त दिसतं. त्यांना माझी विनंती आहे. गणपतीला घरी याल तेव्हा एकदा कलमांखाली जाऊन वर बघा. दिवाळीपर्यंत स्वतः काढून घेता आलं तर उत्तमच. नाहीतर शेजाऱ्याला सांगून जा, की आमच्या झाडांवरचंही काढ. मजुरी वाटून घेऊ.