गॉर्डन हॉल यांचे घर

अमेरिकन मराठी मिशन म्हटले की आपण शाळा आणि बायबलचे भाषांतर एवढेच वहीत उतरवून घेतो. मला मात्र मिशनऱ्याच्या घराविषयी कुतूहल वाटले.

गॉर्डन हॉल १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस आले. कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम काढला, तरी ते राहिले. १८१६ साली मुंबईतच मार्गारेट लुईस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे मुलांना इथली हवा मानवेना. १८२५ साली मार्गारेटबाई दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. हॉल कामासाठी मागे राहिले. एक मुलगा वाटेत जहाजावरच वारला.

पुढच्या वर्षी हॉल नाशिककडे गेले. तिथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्यांनी रोग्यांना दिली आणि परतताना, २० मार्च १८२६ रोजी, त्याच रोगाने गेले. वय अवघे ४१. शिडाच्या जहाजांचा तो काळ. ही बातमी घरी पोचायलाच कित्येक महिने लागत.

हॉल यांच्या त्यागावर पुष्कळ वाचायला मिळाले, मार्गारेटबाईंवर जेमतेम दोन ओळी. आमच्या शहापूर-मुरबाडकडची कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात ती मुलांसकट, मग मुलांची शाळा सुटते. हॉल यांनी मुले दूर धाडली. झळ दोन्हीकडे मुलांनाच. पण हॉल यांनी ते काम स्वतः निवडले होते. कातकऱ्याला कुठली निवड? आणि मार्गारेटबाईंना तरी किती होती?

वाचलेल्या मुलाचे नावही गॉर्डनच. तो पुढे अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्दॅम्प्टन गावी, पाद्री झाला.